चित्रकार आणि शिल्पकार एकाच भिंतीवर : रंग केव्हा यावा आणि नाव कोणाचे लागावे?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातील आमच्या गावी वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर धालोचे, म्हणजे बायकांच्या समूहनृत्याचे, मोठे उठावशिल्प करावे, असे वाचनालयाच्या समितीने ठरवले आहे. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची असून पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तिच्यावर अजून गिलावा झालेला नाही. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या जागेवर, समोरासमोर उभ्या राहिलेल्या बायकांच्या दोन रांगा, एक रांग पुढे झुकलेली आणि दुसरी मागे सरत असलेली, असे चित्र माझ्या आणि माझ्या शिल्पकार मित्राच्या मनात आहे. मी चित्रकार आहे. आम्ही दोघेही पणजीच्या आल्तिनोवरील कला महाविद्यालयात एकाच काळात शिकलो, पण आजवर एकत्र काम केलेले नाही.

समितीचे म्हणणे असे की, शिल्पकाराने शिल्प पूर्ण करावे आणि मग चित्रकाराने येऊन त्यात रंग भरावेत. मला ही विभागणी मान्य नाही. कोणती आकृती पुढे यावी आणि कोणती मागे राहावी हे ठरवण्यात रंगाचाही वाटा असतो, त्यामुळे मातीचा पहिला नमुना होत असतानाच मी तिथे असायला हवे, असे मला वाटते. मित्राचे मत थोडे निराळे आहे. घडण आधी पक्की झाली नाही तर दोन्ही कामे अर्धवट राहतील, असे तो म्हणतो आणि त्याच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. दुसरा प्रश्न नामफलकाचा आहे. समितीला फलकावर एकाच कलाकाराचे नाव हवे आहे.

ज्यांनी असे जोडीने काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेडण्याचा_चितारी

अंत्रुजकरबाब, आमच्या घरात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सुटत आला आहे, म्हणून लिहितो. आमची गणपतीची चित्रशाळा आहे. थोरले दादा मूर्ती घडवतात आणि मी रंगवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दादांचे काम संपले की माझे सुरू होते. तसे ते नाही.

डोळ्यांचेच उदाहरण घ्या. पापणीची कड मातीत खोल कोरली की मूर्ती कोरी असताना डोळा फार सुंदर दिसतो. पण नंतर पांढऱ्याचे अस्तर चढते, त्यावर अंगाचा रंग बसतो आणि शेवटी आखणीची वेळ येते, तेव्हा कुंचल्याची काळी रेघ त्या खोलगट सावलीत बुडून जाते. रेघ दिसावी म्हणून ती जाड करावी लागते आणि जाड रेघेने देव रागावल्यासारखा दिसू लागतो. म्हणून दादा पापणी मुद्दाम उथळ ठेवतात, बुबुळाचा फुगवटा किंचित खाली झुकवतात आणि बाकीचे माझ्यावर सोपवतात. ती मूर्ती सुकत असताना कोणी पाहिली तर डोळे अपुरे वाटतील, पण तो अपुरेपणा त्यांनी विचार करून ठेवलेला असतो. उलट सोंडेवरच्या वळ्या ते पूर्ण घडवतात, कारण तिथे रंग सपाट लागला तरी चालतो आणि वळ्यांची सावलीच काम करते.

माझे म्हणणे एवढेच की, कुठे थांबायचे हे घडवणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे आणि ते ठाऊक व्हायचे तर रंगवणारा माती ओली असतानाच शेजारी बसलेला असला पाहिजे.

पाषाण

मी शिल्पकार आहे आणि माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. उठावशिल्पाला रंग कशासाठी हवा, हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. सावली हाच शिल्पाचा रंग असतो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि १९४५ साली तो तिथे उभा राहिला. संमोहन करणाऱ्या फारियाचे पसरलेले हात आणि त्याच्यापुढे कोसळणारी स्त्री यांच्यामध्ये जी रिकामी जागा आहे, तीच त्या कृतीचा प्राण आहे. सकाळी ती जागा एक सांगते आणि उन्हे कलल्यावर दुसरे सांगते. त्या पुतळ्याच्या झग्याला एक रंग आणि स्त्रीच्या वस्त्राला दुसरा रंग दिला असता, तर ही जागा आपल्याला दिसलीच नसती.

तुमची भिंत पश्चिमेकडे आहे. दुपारनंतरचे तिरपे ऊन तिच्यावर पडणार आहे. उठावशिल्पाला याहून चांगला प्रकाश मागून मिळत नाही. त्या उन्हाला त्याचे काम करू द्या. चित्रकाराला आतली भिंत द्यावी, म्हणजे दोघांनाही पूर्ण वाव मिळेल.

मांडवीकाठ

@पाषाण, मग देवळांतल्या मूर्ती आणि चर्चमधले संत यांचे काय? ते तर शतकानुशतके रंगवलेलेच आहेत.

दिवाडबेट

मांडवीकाठ यांनी विचारलेच आहे, तर जुन्या लाकडी मूर्तींच्या जतनाच्या कामात मी जे पाहिले आहे ते सांगतो. जुन्या गोव्यातील चर्चच्या वेद्यांवर ज्या लाकडी मूर्ती दिसतात, त्यांचा रंग वरवरचा नसतो. रंग उडालेल्या कडेकडून भिंगातून पाहिले की थर मोजता येतात. सर्वांत खाली लाकूड आणि त्यावर सरसाचा हात, मग सरसात कालवलेल्या खडूचे पांढरे अस्तर. जिथे सोने यायचे तिथे त्या अस्तरावर तांबड्या चिकण मातीचा पातळ थर, त्यावर सोन्याचा वर्ख आणि वर्खावर रंग. तो रंग टोकदार काडीने खरवडून नक्षी काढतात, म्हणजे खालचे सोने वेलबुट्टीच्या रेषांतून वर येते. अंगावरच्या वस्त्राला जरीचा भास होतो तो असा. चेहरा आणि हात मात्र तेलरंगात, एकात एक मिसळलेल्या छटांनी केलेले असतात.

आता यात शिल्प कुठे संपले आणि चित्र कुठे सुरू झाले? खडूचे अस्तर जाड झाले की कोरलेल्या चुण्या बुजतात, म्हणून कोरणारा त्या आधीच थोड्या जास्त खोल घेतो. म्हणजे चितारीबाबांच्या पापणीच्या अगदी उलट आणि तरीही तेच तत्त्व. पुढच्या हाताचा अंदाज घेऊन पहिला हात चालतो.

ही पद्धत जिथून आली त्या इबेरियन (स्पेन-पोर्तुगालच्या) जगात या जोडकामाचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. स्पेनमध्ये सेव्हिल इथे हुआन मार्तीनेस मोंतान्येस हा शिल्पकार आणि फ्रान्सिस्को पाचेको हा चित्रकार यांनी बरोबर काम केले. कारागीर संघांच्या नियमांप्रमाणे कोरणाऱ्याने कोरावे आणि रंगवणाऱ्याने रंगवावे, अशी तिथे सक्त विभागणी होती. १६०३ साली करार झालेला मोंतान्येसचा क्रूसावरचा ख्रिस्त आजही सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये आहे. पायाशी प्रार्थना करणाऱ्याकडे ख्रिस्ताने पाहावे, अशी अट त्या करारात होती. मान झुकवली मोंतान्येसने, पण पाहणारे डोळे पाचेकोचे आहेत. त्वचेला चकाकी देण्याची तेव्हा रीत होती, ती सोडून पाचेकोने झळाळी नसलेले रंग वापरण्याचा आग्रह धरला, कारण चकाकणाऱ्या पृष्ठभागावर उजेडाचे ठिपके पडतात आणि कोरलेला आकार मोडतो. पाषाण यांची जी काळजी आहे तीच काळजी त्या चित्रकाराने वाहिली होती, एवढे लक्षात घ्यावे. हाच पाचेको पुढे व्हेलास्केझ या विख्यात चित्रकाराचा गुरू आणि सासरा झाला.

सासष्टीकर

दिवाडबेट यांचा प्रतिसाद अतिशय आवडला. मूर्ती पाहताना आपण थर कधी पाहतच नाही.

मला कला अकादमीच्या नाट्यगृहाची आठवण झाली. चार्ल्स कोरिया यांच्या त्या इमारतीत मारियो मिरांडा यांनी भिंतींवर सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. भिंत सपाट आहे, पण चित्रामुळे तिला खोली येते. तिथे रंगानेच जागा घडवली आहे. वास्तुरचनाकार आणि चित्रकार यांची ती जोडी असली, तरी अंत्रुजकर यांच्या समितीला दाखवण्यासाठी गोव्यात याहून चांगला पुरावा नाही.

आणि दिवाळीला गावोगाव होणारे नरकासुराचे पुतळे विसरू नका. बांबूचा सांगाडा बांधणारे, गवत भरणारे आणि मुखवटा रंगवणारे वेगवेगळे असतात, पण मुखवट्याचा जबडा किती उघडा ठेवायचा यावर रात्र रात्र चर्चा होते आणि तीत सगळे भाग घेतात. तिथे कोणी कोणाला ‘तू नंतर ये’ असे म्हणत नाही.

पाषाण

@दिवाडबेट, पाचेकोबद्दलची माहिती महत्त्वाची आहे आणि ती मी मान्य करतो. पण लाकडी मूर्ती देवघराच्या मंद उजेडात असते. मेणबत्तीच्या प्रकाशात सावली हलत राहते, तिथे आकार स्थिर करायला रंगाची मदत होते. अंत्रुजकर यांची भिंत उघड्यावर आहे. उघड्यावरच्या दगडी शिल्पाला रंग लावल्याची उदाहरणे आहेत का?

दिवाडबेट

आहेत आणि ती फार जुनी आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यावर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही दिसतात. बाहेरच्या जगातले सांगायचे तर ग्रीक संगमरवरी पुतळे रंगवलेले होते हे आता निर्विवाद आहे. प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवले आहे की, आपल्या संगमरवरी कृतींपैकी कोणत्या सर्वांत प्रिय, असे विचारल्यावर प्राक्सितेलेस या शिल्पकाराने ‘ज्यांना निकियासचा हात लागला आहे त्या’ असे उत्तर दिले. निकियास हा चित्रकार होता. इतक्या मोठ्या शिल्पकाराने आपल्या कामाची पारख दुसऱ्याच्या हातावरून करावी, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की चित्र जाणल्याशिवाय मूर्तीचे लक्षण कळणार नाही आणि नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळणार नाही. धालोच्या भिंतीसाठी तर हे अक्षरशः लागू आहे.

केपेकन्या

मी आणि माझी मैत्रीण अशा दोघी मिळून अनेक वर्षे काम करतो. ती माती आणि सिमेंट हाताळते, मी रंग. आमचा अनुभव थोडा कडवट आहे, पण तो सांगणे आवश्यक वाटते.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलसाठी आम्ही कोळणींचे मोठे उठावशिल्प केले. करार तिच्या नावाने झाला होता, कारण कामाचा मोठा खर्च साहित्याचा होता आणि ते तीच खरेदी करणार होती. उद्घाटनाच्या पत्रिकेत शिल्पकार म्हणून तिचे नाव आले आणि माझा उल्लेख ‘रंगकाम’ या सदरात, विजेच्या आणि नळांच्या कामाशेजारी झाला. माझी मैत्रीण त्या दिवशी माझ्यापेक्षा अधिक दुखावली होती. तिने पत्र लिहून दुरुस्ती मागितली, ती झाली नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक करारात दोन्ही नावे एकाच ओळीत आणि एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत, हे पहिल्या कलमात घालतो आणि मानधन निम्मे-निम्मे घेतो. साहित्याचा खर्च वेगळा दाखवतो.

कामाच्या पद्धतीबद्दल एक सुचवते. मातीचा छोटा नमुना झाला की आम्ही हत्यारे बदलतो. ती रंग लावते आणि मी माती हाताळते, अर्थात फक्त नमुन्यावर. ती जिथे रंग लावायला धजत नाही, तिथे तिला आकाराची खात्री आहे असे मला समजते. मी जिथे माती काढून टाकते, तिथे मला रंगासाठी जागा हवी आहे हे तिला समजते. बोलून जे आठवडाभर उलगडत नाही ते असे एका दुपारी उलगडते.

शांतिवन

मी काही काळ शांतिनिकेतनात शिकलो. तिथे हा प्रश्न मुळात असा विचारलाच जात नसे. कलाभवनाच्या आवारात मातीच्या भिंतींचे ‘काळे घर’ आहे. नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली १९३० च्या दशकात ते उभे राहिले. भिंतींवर उठावाच्या आकृती आहेत आणि माती पावसात टिकावी म्हणून वरून डांबराचा लेप आहे. नंदलाल हे चित्रकार. रामकिंकर बैज शिल्पकार म्हणून प्रसिद्ध असले तरी चित्रकलेचे शिक्षण घेऊनच घडले आणि आयुष्यभर रंगवत राहिले. शिक्षक, विद्यार्थी, चित्रकार, शिल्पकार यांच्या हातांनी ते घर झाले. एकच काळा रंग आहे, तो टिकाऊपणासाठी आला आणि त्यानेच सगळ्या आकृतींना एका सुरात बांधले. पाषाण म्हणतात ती सावली तिथे पूर्ण शाबूत आहे.

म्हणून अंत्रुजकर यांना विचारतो की, रंग किती असावेत हे तुम्ही ठरवले आहे का? धालोच्या बायकांच्या साड्यांचे सगळे रंग आणायचे असतील तर पाषाण यांचा आक्षेप खरा ठरेल. रंग दोन-तीनच ठेवले, तर घडण आणि रंग एकमेकांच्या आड येणार नाहीत.

वकील_मडगाव

नामफलकाच्या प्रश्नावर कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो.

ऑगस्त रन्वार या फ्रेंच चित्रकाराची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. १९१३ पासून रिशार ग्विनो या तरुण शिल्पकाराने त्याच्या देखरेखीखाली शिल्पे घडवली. रन्वार सांगत असे आणि ग्विनो घडवत असे. ती शिल्पे रन्वारची म्हणूनच विकली गेली. पुढे ग्विनोच्या बाजूने न्यायालयात दावा उभा राहिला आणि १९७३ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्विनोला सहनिर्माता म्हणून मान्यता दिली. निकाल लागला तेव्हा रन्वारला जाऊन अर्धशतक उलटले होते आणि त्याच वर्षाच्या आरंभी ग्विनोही गेला होता. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा असला, तरी हातालाही स्वतःची निवड असते, हे त्या निकालाने मान्य केले.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. एकाचे योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळे काढता येत नाही, अशा सहकार्याने झालेल्या कृतीला तो संयुक्त कर्तृत्वाची कृती मानतो. हे नीट वाचावे. शिल्प पूर्ण होऊन त्याचे पैसे चुकते झाले आणि नंतर कोणी त्यावर रंग चढवला, तर दोन योगदाने वेगळी होती असे म्हणायला जागा उरते. समितीने सुचवलेली विभागणी स्वीकारली तर फलकावर एकच नाव लावण्याला तुम्हीच आधार द्याल. उलट दोघांचे काम गुंतलेले असेल आणि करारात तसे लिहिलेले असेल, तर प्रश्नच उद्भवू नये. संयुक्त कृतीत हक्काची मुदत शेवटी निधन पावणाऱ्या कर्त्यापासून ६० वर्षे मोजली जाते, म्हणजे दोघांच्या वारसांचेही हित एकाच मुदतीशी बांधलेले राहते.

याच कायद्याचे ५७ वे कलमही ध्यानात असू द्या. कर्त्याचे नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क त्यात आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले. त्याबद्दल त्यांनी दिलेला लढा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाली निघाला. उद्या वाचनालयाने भिंतीला तैलरंगाचा हात मारायचा ठरवला, तर हे कलम तुमच्या उपयोगाला येईल.

चुनेगच्ची

मी जुन्या घरांच्या चुन्याच्या कामात आहे. वरील सगळी चर्चा वाचली आणि मला वाटते की तुमच्या प्रश्नाचे उत्तर भिंतीकडेच आहे.

जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि नंतर ते बाहेर टाकतो. सिमेंटच्या गिलाव्यावर उठावशिल्प करून त्यावर प्लास्टिक इमल्शन लावले, तर आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पश्चिमेकडची भिंत म्हणजे जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट तिच्यावर येणार. एक-दोन पावसाळ्यांतच रंगाला फोड येतील, ते फुटतील आणि आकृतींच्या चेहऱ्यांवरून पापुद्रे सुटू लागतील. तेव्हा दोष कोणाचा यावर शिल्पकार आणि चित्रकार यांच्यात वाद होईल, तो वेगळाच.

त्याऐवजी चुन्यात काम करा. मुरवलेला चुना आणि बारीक वाळू यांचा गिलावा, त्यातच आकृती उठवायच्या आणि गिलावा ओलसर असतानाच पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होत जातो, तेव्हा रंगाचे कण त्याच्या अंगातच अडकतात. वर वेगळा पापुद्रा तयार होत नाही, म्हणून सुटायलाही काही नसते आणि भिंतीचा श्वास चालू राहतो. मात्र चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत. गेरू, हिरमुंजी (तांबडी माती), पिवडी (पिवळी माती), काजळी हे टिकतात. कपड्यांना घालायची नीळ टिकते, आपल्या जुन्या घरांच्या निळ्या भिंती तिच्याच आहेत. प्रशियन निळा मात्र चुन्यात मरतो. शांतिवन यांनी सुचवलेली रंगांची मर्यादा चुना स्वतःच घालून देईल.

आता मुख्य मुद्दा. ओल्या चुन्यात काम करायचे तर एका दिवशी जेवढे उठवता येईल आणि रंगवता येईल, तेवढाच गिलावा त्या दिवशी चढवावा लागतो. सकाळी शिल्पकाराने खांदा उठवला की तो जरा ओढताच, म्हणजे सुकू लागताच, बोटाला ओल लागते पण चुना चिकटत नाही अशा वेळी चित्रकाराला रंग द्यावा लागतो. उद्या येतो म्हणून चालत नाही. म्हणजे दोघांनाही एकाच परांचीवर, रोज, शेजारी शेजारी उभे राहावे लागेल. आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्न साहित्यानेच मिटवला आहे.

केपेकन्या

@चुनेगच्ची, हे वाचून फार आनंद झाला. एक शंका आहे. उठाव जाड असला तर आतला चुना वाळायला वेळ लागतो आणि वरचा आधी ओढतो. तडे जाणार नाहीत का?

चुनेगच्ची

जातील, म्हणून सगळा उठाव एका दमात करायचा नाही. मूळ जाडी भरड गिलाव्याने थर देत आधीच घ्यायची, त्यात तागाचे तंतू कापून घालायचे आणि ती पुरेशी वाळू द्यायची. शेवटचा बारीक थर तेवढा त्या दिवसाचा. उठावही तीन-चार बोटांपेक्षा अधिक नसावा. पाषाण यांना हवे असलेले तिरपे ऊन तेवढ्या उठावावरही भरपूर सावली देते.

पेडण्याचा_चितारी

आपल्या कावी कामाचाही विचार व्हावा. पांढऱ्या चुन्यावर हिरमुंजीचा तांबडा थर देऊन, तो ओला असताना खरवडून केलेली नक्षी आपल्या जुन्या देवळांत आणि घरांत दिसते. आकृतींच्या मागची मोकळी भिंत कावीने केली, तर मांडाची तांबडी जमीन आपोआप मिळेल. दिवाडबेट यांनी सांगितलेल्या सोन्यावरच्या खरवडण्याशी हिचे जवळचे नाते आहे. शिवाय कोरणे आणि रंग देणे या दोन्ही क्रिया कावीत एकाच हाताला येतात, तेव्हा तुमच्यापैकी कोणीही ते करू शकेल.

पाषाण

चुनेगच्ची यांच्या प्रतिसादानंतर माझा विरोध बराच सैल झाला आहे, हे लिहिणे मला कर्तव्य वाटते. वरून चढवलेल्या रंगाला माझा विरोध होता आणि तो कायम आहे. चुन्याच्या अंगात मुरलेल्या रंगाला चकाकी नसते, त्यामुळे सावली त्याच्यावर नीट बसते. तरीही एक आग्रह धरतो. आकृतींच्या चेहऱ्यांवर नाकीडोळी रंगवू नयेत. धालोत चेहऱ्यांपेक्षा रांगेची लय महत्त्वाची असते. कमरेत वाकलेल्या पाठी आणि एकमेकींच्या कमरेभोवतीचे हात यांवर शिल्पकाराला पूर्ण अधिकार द्यावा. रांगेतला ताल हातांच्या साखळीत आहे, तो रंगाने दाखवता येणार नाही.

मांडवीकाठ

चेहरे मोकळे ठेवायला माझा विरोध आहे. वाचनालयात येणाऱ्या मुलींना त्या रांगेत आपली आजी ओळखता आली पाहिजे. बांदिवड्याच्या नागेशी देवळाच्या सभामंडपात लाकडात कोरून रंगवलेले रामायणाचे प्रसंग आहेत. लहानपणी आम्ही माना वर करून त्यातली एकेक व्यक्ती चेहऱ्यावरून आणि रंगावरून ओळखत असू. नुसत्या पाठी असत्या तर आम्ही तिथे थांबलोच नसतो.

अंत्रुजकर

सर्वांचे मनापासून आभार. मित्राला हा सारा मजकूर वाचून दाखवला. चितारीबाबांचा पापणीचा परिच्छेद त्याने दोनदा वाचायला लावला आणि नंतर म्हणाला, “तू माती मळायला बस.” घडण आधी पक्की व्हावी हा त्याचा आग्रह भरड थराच्या रूपाने पूर्ण होतो आणि मला हवा असलेला सहभाग शेवटच्या थरात मिळतो, त्यामुळे चुन्याचा मार्ग आम्हा दोघांनाही मान्य आहे. रंग गेरू, पिवडी, काजळी आणि नीळ एवढेच. मागची भिंत कावीची.

पाषाण आणि मांडवीकाठ यांच्या मतभेदावर आम्हीही अजून एक झालेलो नाही. मित्र पाषाण यांच्या बाजूचा आहे, मी मांडवीकाठ यांच्या. तूर्त असे ठरवले आहे की, आपल्याकडे तोंड करून असलेल्या रांगेला चेहरे असावेत आणि पाठमोऱ्या रांगेचा सगळा भार हातांवर आणि पाठींवर असावा. केपेकन्या यांच्या सूचनेप्रमाणे मातीच्या नमुन्यावर हत्यारे बदलून पाहू आणि मग अंतिम निर्णय घेऊ.

समितीपुढे वकीलसाहेबांनी सांगितलेले मुद्दे लेखी मांडले. दोन नावांना अजून संमती मिळालेली नाही. पण काम ओल्या चुन्यात होणार असून दोघांपैकी एक जरी गैरहजर राहिला तरी त्या दिवशी गिलावा चढवता येणार नाही, हे अध्यक्षांना समजावून सांगितल्यावर त्यांनी फलकाचा मजकूर पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे. दोन्ही नावे एका ओळीत असल्याशिवाय करारावर सही करायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

चुनेगच्ची, कामाला केव्हा हात घालावा?

चुनेगच्ची

चुना आत्ताच विरवून पाण्याखाली मुरत ठेवा, वर कायम चार बोटे पाणी असू द्या. भरड थर दिवाळीनंतर सुरू करा आणि शेवटचा थर मार्गशीर्षात घ्या, कारण तेव्हा हवा कोरडी असते पण ऊन कडक नसते. परांचीवर पश्चिमेच्या बाजूने गोणपाट बांधा आणि ते ओले ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हात चुना ओढून घेईल आणि तुमच्या रंगाची वेळ हुकेल. त्याआधी याच पावसाळ्यात हातभर लांबीरुंदीच्या दोन चिऱ्यांवर चारही रंगांचा नमुना करून भिंतीला टेकवून ठेवा. एक चिरा वळचणीखाली आणि दुसरा थेट झडीत. चतुर्थीनंतर दोन्हींची छायाचित्रे इथे टाका, मग नीळ ठेवायची की काढायची ते ठरवू.

पाषाण

त्या चिऱ्यांवर एखादा हातही उठवून ठेवा. झडीत बोटांच्या कडा किती झिजतात तेही कळेल.

अंत्रुजकर

ठेवतो. एक हात मित्राचा आणि एक माझा.